प्रोग्रामिंगचा पाया: उदाहरण वाचलं की कळतं, पण कोरी फाइल उघडली की हात का थांबतो?

पायरी (धागालेखक)

प्रोग्रामिंग शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्यांची एक तक्रार सतत ऐकू येते. व्हिडिओतलं उदाहरण ओळ न् ओळ समजतं, पण तोच प्रश्न थोडा बदलून दिला आणि कोरी फाइल समोर ठेवली की पहिली ओळही सुचत नाही. यावर "अजून सराव करा" एवढंच उत्तर मिळतं. कशाचा सराव, ते कोणी सांगत नाही.

माझं मत असं. शिकवताना सिंटॅक्स (भाषा लिहिण्याचे नियम) शिकवला जातो, पण एकेक ओळ चालल्यावर कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय उरलं हे सांगण्याची सवय लावली जात नाही. पाया म्हणजे ही सवय. विषय फार थोडे आहेत: व्हेरिएबल, डेटा टाइप, इनपुट-आउटपुट, अटी, लूप, लिस्ट आणि शेवटी फंक्शन. क्लास, लायब्ररी, वेबसाइट वगैरे सगळं नंतर. या सातांपैकी प्रत्येकाचे छोटे प्रोग्राम आधी कागदावर चालवायचे, उत्तर लिहायचं आणि मगच संगणकावर चालवायचे.

दोन प्रश्न आहेत. पहिली भाषा कोणती असावी? आणि नवशिका नेमका कुठे अडतो, का अडतो? ठोस उदाहरणं द्या. धाग्यात सगळं देवनागरीत लिहूया. फॉर, इफ, प्रिंट असे शब्द संगणकावर टाइप करताना अर्थातच इंग्रजीत लिहायचे.

मूळाक्षर

पहिली भाषा सी. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती घडवली, आणि यंत्र आत काय करतं ते आजही सीमध्ये जितकं उघड दिसतं तितकं पायथनमध्ये दिसत नाही. व्हेरिएबल जाहीर करताना इंट (पूर्णांक) की फ्लोट (दशांश) हे सांगावंच लागतं, त्यामुळे डेटा टाइप टाळता येत नाही. ५ / २ चं उत्तर २ आलं की पूर्णांक आणि दशांश यांतला फरक कायमचा लक्षात राहतो. दहा अक्षरी ॲरेमध्ये (ओळीने मांडलेल्या जागांमध्ये) नऊच अक्षरं का मावतात (शेवटची जागा शून्य-खुणेसाठी लागते) हे कळलं की स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, म्हणजे काय हेही कळतं. पायथनमध्ये हे सगळं झाकलेलं असतं.

कंसबंद

मूळाक्षर, तुमचे मुद्दे खरे आहेत, पण ते तिसऱ्या-चौथ्या महिन्याचे मुद्दे आहेत. पहिल्या आठवड्यात काय होतं ते पाहू. स्कॅनएफमध्ये (सीमधलं इनपुट घेणारं फंक्शन) व्हेरिएबलच्या आधीचं अँड चिन्ह राहिलं. प्रोग्राम कंपाइल झाला, चालवला, "सेगमेंटेशन फॉल्ट" एवढंच छापून बंद पडला. कोणत्या ओळीवर पडला, माहीत नाही. किंवा पाच जागांच्या ॲरेत सहाव्या जागी लिहिलं. सी काहीच बोलत नाही, कधी उत्तर बरोबरही येतं आणि दुसऱ्या दिवशी चुकतं. नवशिक्याला आपलं काय चुकलं हेच कळत नसेल तर तो शिकणार कशातून? पायथन त्याच चुकीला ओळ क्रमांकासकट इंडेक्सएरर दाखवतं.

आणि टाइप पायथनमध्येही असतातच. "५" ही स्ट्रिंग आणि ५ हा पूर्णांक यांची बेरीज करायला गेलात तर टाइपएरर येतो. पायथन टाइप लपवत नाही, फक्त आधी जाहीर करायला लावत नाही.

मूळाक्षर

स्कॅनएफचा मुद्दा मान्य. मात्र जीसीसीला (सीचा कंपायलर) "-वॉल" हा पर्याय दिला तर राहिलेल्या अँड चिन्हाचा इशारा मिळतो. अटीत दोन बरोबरच्या जागी एकच बरोबर पडलं तरी मिळतो. सी शिकवणाऱ्यांनी हा पर्याय पहिल्या दिवसापासून द्यायला लावला पाहिजे, आणि इशारा आला की तो चूक मानूनच थांबायला शिकवलं पाहिजे.

उलटगणती

भाषेचा वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी कोऱ्या फाइलचा प्रश्न तसाच राहतो, म्हणून मी ड्राय रनकडे, म्हणजे प्रोग्राम कागदावर चालवण्याकडे, वळतो. धागालेखकांशी पूर्ण सहमत. हा पायथनमधला प्रोग्राम घ्या:

बेरीज = ०
फॉर क इन रेंज(१, ५):
    बेरीज = बेरीज + क
प्रिंट(बेरीज)

कागदावर दोन रकाने आखायचे, क आणि बेरीज. लूपच्या आधी बेरीज ०. मग क १ असताना बेरीज १, क २ असताना ३, क ३ असताना ६, क ४ असताना १०. लूप संपलं, छापलं १०. ज्यांनी १५ लिहिलं त्यांचा रेंजबद्दलचा गैरसमज तिथेच उघडा पडतो.

आता खरा व्यायाम. ओळी त्याच ठेवा, फक्त जागा बदला. प्रिंटची ओळ चार स्पेस आत ढकलली तर काय छापेल? १, ३, ६, १०, प्रत्येक फेरीला एक. प्रिंट पुन्हा बाहेर आणा आणि "बेरीज = ०" ही ओळ लूपच्या आत पहिली टाका. आता? ४. कारण प्रत्येक फेरीत बेरीज पुसली जाते आणि शेवटच्या फेरीचा क तेवढा उरतो. हे तीन प्रोग्राम न चालवता ज्याला सांगता आले त्याला लूप कळलं. व्याख्या पाठ असून उपयोग नाही.

कोरी_फाइल

मी धाग्याच्या शीर्षकातलाच माणूस. रेंज(१, ५) मध्ये ५ का येत नाही? १ ते ५ म्हटल्यावर ५ यायला नको का?

शेषफल

@कोरी_फाइल, चांगला प्रश्न. शेवटचा आकडा वगळण्याचे दोन फायदे आहेत. एक, किती फेऱ्या होणार ते नुसत्या वजाबाकीने कळतं: ५ वजा १, म्हणजे ४. दोन, लागोपाठचे पट्टे न अडखळता जोडले जातात. रेंज(०, ५) आणि रेंज(५, १०) मिळून ० ते ९, मधला आकडा ना दोनदा येतो ना सुटतो. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली एका छोट्या टिपणात हाच युक्तिवाद मांडला होता, आणि मोजणी शून्यापासून का करावी हेही त्याच ओघात सांगितलं होतं.

लिस्टचं गणितही यातूनच येतं. पाच घटकांची लिस्ट, क्रमांक ० ते ४. रेंज(लेन(लिस्ट)) बरोबर ० ते ४ देतं (लेन म्हणजे लांबी). इथे कोणी सवयीने अधिक एक केलं की शेवटच्या फेरीत इंडेक्सएरर. उलट, क्रमांक चुकून -१ झाला तर पायथन चूक दाखवत नाही, गुपचूप शेवटचा घटक देतं. "मागच्या घटकाशी तुलना करा" अशा प्रश्नात क - १ लिहिताना फेरी ० पासून सुरू केली तर पहिल्याची तुलना शेवटच्याशी होते. अशा लूपची सुरुवात १ पासून करायची.

तळटीप

अडण्याची पहिली जागा माझ्या मते लूपच्याही आधी येते: बरोबरचं चिन्ह. शाळेतल्या गणितात "अ = अ + १" हे खोटं विधान आहे. प्रोग्राममध्ये ती आज्ञा आहे. उजवी बाजू आधी सोडवायची, आलेलं उत्तर डावीकडच्या नावाला द्यायचं. प्रत्येक ओळ अशी उजवीकडून डावीकडे मोठ्याने वाचली की अर्धा गोंधळ मिटतो.

चाचणी म्हणून दोन व्हेरिएबलच्या किमतींची अदलाबदल करायला सांगा. "अ = ब" आणि खाली "ब = अ" असं बहुतेकजण लिहितात. अ ३, ब ८ घेऊन कागदावर चालवा: पहिल्या ओळीनंतर दोन्हीकडे ८, आणि ३ कुठेच उरला नाही. तिसरं व्हेरिएबल का लागतं ते इथे आपोआप कळतं. पायथनमधली "अ, ब = ब, अ" ही सोय त्यानंतर दाखवावी, आधी नाही.

दुसरी जागा म्हणजे अटी. "इफ उत्तर == 'हो' ऑर 'होय':" ही अट बोलताना ठीक वाटते, पण ती नेहमीच खरी ठरते. पायथन ती दोन तुकड्यांत वाचतं: "उत्तर == 'हो'" हा एक आणि "'होय'" हा दुसरा. रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग अटीत खरी धरली जाते. त्यामुळे वापरणाऱ्याने "नाही" टाइप केलं तरी आतलं सगळं चालतं. लिहायचं असं: "इफ उत्तर == 'हो' ऑर उत्तर == 'होय':" किंवा "इफ उत्तर इन ('हो', 'होय'):".

कंसबंद

+१. यात इनपुटची भर घालतो, कारण नवशिक्याच्या पहिल्या दहा प्रोग्रामांत सगळ्यात जास्त खड्डे तिथे आहेत. इनपुट() नेहमी स्ट्रिंगच देतं. ५ आणि ३ टाइप केले आणि अधिक केलं तर ५३. ५ ला ३ ने गुणलं (तीन हा कोडमधला पूर्णांक) तर ५५५. या चुका निदान दिसतात तरी. सगळ्यात फसवी आहे ती तुलना: '१०' < '९' हे खरं येतं, कारण स्ट्रिंगची तुलना अक्षराक्षराने होते आणि १ हा ९ च्या आधी येतो. एक अंकी आकड्यांवर तपासलेला प्रोग्राम बरोबर चालतो, दोन अंकी आकडा आला की बिघडतो, आणि माणूस अटीत चूक शोधत बसतो.

उपाय: इनपुट घेतल्या ओळीतच इंट() करून टाकायचं. दशांश येऊ शकत असेल तर फ्लोट(). लक्षात ठेवा, इंट('५.०') चालत नाही, व्हॅल्यूएरर येतो. आजूबाजूला स्पेस असली तर मात्र हरकत नाही.

शेषफल

अवांतर: इंट('१२') देवनागरी अंकांनाही चालतं आणि १२ हा पूर्णांक देतं. कोडमध्ये मात्र थेट देवनागरी अंक लिहिले तर सिंटॅक्स एरर.

कोरी_फाइल

अरे वा! मग व्हेरिएबलची नावंही मराठीत चालतील का?

शेषफल

चालतात. पायथन ३ मध्ये "किंमत", "एकूण_गुण" ही नावं बिनदिक्कत वापरता येतात. सरावासाठी छान आहे, कारण कोणतं नाव भाषेचं आणि कोणतं आपण दिलेलं हे एका नजरेत वेगळं दिसतं. नवशिक्यांचा यात बराच गोंधळ होतो. इतरांबरोबर काम करायच्या कोडमध्ये मात्र टाळा.

अवांतरात अवांतर, पण स्ट्रिंग शिकताना उपयोगी: लेन('मराठी') किती येईल? ५. म, र, आकाराचा काना, ठ, दीर्घ वेलांटी. लेन('क्षत्रिय') ८ येतं, कारण क, हलंत, ष, त, हलंत, र, ऱ्हस्व वेलांटी, य. संगणक आपल्याला दिसणारी अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे कोडपॉइंट मोजतो. म्हणूनच 'मराठी' उलटं छापलं तर सुरुवातीलाच आधाराविना वेलांटी लोंबकळते. फाइलमध्ये यूटीएफ-८ ने साठवताना यातला प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो, म्हणजे 'मराठी' १५ बाइट. मराठी मजकुराची फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा, नाहीतर विंडोजवर कचरा अक्षरं दिसू शकतात.

मूळाक्षर

हे मात्र सीमध्ये शिकवायला जड गेलं असतं, कबूल. :)

जोडणी

कोडच्या बाहेरच्या अडचणी कोणीच लिहिल्या नाहीत. कित्येकांची पहिली संध्याकाळ त्यांतच जाते आणि "आपल्याला हे जमणार नाही" असा समज तिथेच होतो. म्हणून सविस्तर लिहितो.

विंडोजवर पायथन बसवताना पहिल्याच खिडकीत खाली "पाथमध्ये जोडा" असा चौकोन असतो, त्यावर खूण करा. राहून गेली तर कमांड प्रॉम्प्टला पायथन सापडत नाही. मॅक किंवा लिनक्सवर आज्ञेचं नाव बहुधा "पायथन३" असतं.

नोटपॅडमध्ये लिहून जतन केलेली फाइल "बेरीज.पीवाय.टीएक्सटी" होऊ शकते आणि विंडोज शेवटचा भाग लपवत असल्याने ते दिसत नाही. फाइल एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेंशन दाखवण्याचा पर्याय चालू करून घ्या.

फाइलला "रँडम", "मॅथ" किंवा "टर्टल" असं नाव कधीही देऊ नका. त्याच फोल्डरमध्ये रँडम.पीवाय ही तुमची फाइल असेल तर इम्पोर्ट करताना पायथन मूळ मॉड्यूलऐवजी तीच उचलतं आणि "रँडममध्ये रँडइंट नाही" अशी विचित्र तक्रार करतं. कोड पुस्तकाबरहुकूम असतो, चूक फाइलच्या नावात असते.

चॅट किंवा वर्डमधून कोड चिकटवला तर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं झालेली असतात. पायथनला ती कळत नाहीत. तीन बाणांनी सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे शेलमधला संवाद. ते बाण फाइलमध्ये उतरवायचे नाहीत.

टॅब आणि स्पेस मिसळले तर टॅबएरर. एका पातळीला चार स्पेस, सगळीकडे तेच, आणि एडिटरला टॅबऐवजी स्पेस टाकायला सांगा.

यातल्या बऱ्याच कटकटी नको असतील तर थॉनी नावाचा मोफत एडिटर घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो खास नवशिक्यांसाठी सुरू झाला. पायथन त्याच्यासोबतच येतं, आणि प्रोग्राम एकेक पायरी पुढे सरकवत व्हेरिएबलच्या किमती बाजूला पाहता येतात. उलटगणतींचा कागदावरचा तक्ता पडद्यावर पडताळून पाहायला तो उत्तम.

वाचक_क्र_०

वाचनखूण साठवली. फाइलच्या नावाची बाब ठाऊकच नव्हती.

तळटीप

जोडणी यांच्या प्रतिसादाला जोडून: एरर वाचायला शिकवणं हाही पायाचाच भाग आहे. लाल मजकूर दिसला की लोक खिडकी बंद करतात. पायथनचा ट्रेसबॅक (चूक झाल्यावर छापला जाणारा मजकूर) खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि कारण, त्याच्या वर फाइल आणि ओळ क्रमांक. नेमएरर म्हणजे बहुधा स्पेलिंग चुकलं किंवा किंमत देण्याआधीच नाव वापरलं. टाइपएरर म्हणजे प्रकार जुळत नाही. व्हॅल्यूएरर म्हणजे प्रकार ठीक, पण आतली किंमत चालणारी नाही. सिंटॅक्स एररमध्ये दाखवलेली ओळ निर्दोष दिसली तर तिच्या वरची ओळ पाहा, तिथे बहुधा कंस उघडा राहिलेला असतो. ३.१० पासूनच्या पायथनमध्ये तर कोणता कंस बंद झाला नाही तेच सांगतात.

मूळाक्षर

धागालेखकांच्या क्रमाला माझा एक आक्षेप आहे. फंक्शन सगळ्यात शेवटी का? ते लूपनंतर लगेच, लिस्टच्या आधी हवं. कोऱ्या फाइलची भीती मोठ्या प्रश्नाची भीती असते, आणि फंक्शन हे प्रश्नाचे तुकडे करण्याचं साधन आहे. ते सातव्या क्रमांकावर ठेवलं तर तोवर चाळीस ओळींचे सलग प्रोग्राम लिहायची सवय लागून जाते.

पायरी

शेवटी ठेवण्याचं कारण असं की रिटर्न आणि प्रिंट यांतला फरक फार उशिरा कळतो. फंक्शनने उत्तर छापलं की काम झालं असं वाटतं.

मूळाक्षर

तो फरक उशिरा कळतो कारण दोन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात. एकच प्रयोग पुरे आहे. दुप्पट(अ) नावाचं फंक्शन लिहा, आत फक्त प्रिंट(अ * २). आता "ब = दुप्पट(५) + १" चालवा. पडद्यावर १० येतो आणि लगेच टाइपएरर, कारण रिटर्न नसलेलं फंक्शन नन ("काहीच नाही" अशी किंमत) परत देतं आणि ननमध्ये १ मिळवता येत नाही. प्रिंटच्या जागी रिटर्न करा, ब मध्ये ११ येतो. प्रिंट माणसासाठी, रिटर्न पुढच्या कोडसाठी.

"यादी = यादी.सॉर्ट()" लिहिल्यावर यादी गायब का होते तेही मग कळतं. सॉर्ट आहे त्या लिस्टलाच क्रम लावतं आणि नन परत देतं. नवी लिस्ट हवी असेल तर सॉर्टेड(यादी). स्ट्रिंगचं नेमकं उलटं आहे. "नाव.अपर()" मूळ नावाला हात लावत नाही, नवी स्ट्रिंग देतं, ती धरून ठेवावी लागते.

पायरी

पटलं. फंक्शन लिस्टच्या आधी.

उलटगणती

लिस्टचा विषय निघालाच आहे तर दोन सापळे. "ब = अ" ने लिस्टची प्रत होत नाही, एकाच लिस्टला दुसरं नाव मिळतं. ब मध्ये घटक वाढवला की अ मध्येही दिसतो. खरी प्रत हवी तर अ.कॉपी(). पायथन ट्यूटर या संकेतस्थळावर हे चालवून पाहा, दोन नावांचे बाण एकाच चौकटीकडे जाताना दिसतात.

दुसरा: लिस्टवर फिरता फिरता तिच्यातूनच घटक काढणं. [२, ४, ५, ६] मधले सम काढायचे आहेत. फॉर लूपमध्ये सम दिसला की रिमूव्ह. उरायला हवा फक्त ५, उरतात ४ आणि ५. कारण २ काढला तसा ४ शून्याव्या जागी सरकला आणि लूप पुढच्या, पहिल्या जागेवर गेलं. ४ तपासलाच गेला नाही. नवी रिकामी लिस्ट घेऊन ठेवायचे तेवढे घटक तिच्यात घाला.

शेषफल

आणि दशांश! ०.१ + ०.२ छापलं तर ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक बिघडलेला नाही. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही, म्हणून जवळची किंमत साठवली जाते. परिणाम: शून्यापासून ०.१ वाढवत "व्हाइल क्ष != १.०" लिहिलंत तर लूप थांबतच नाही. दहाव्या मिळवणीला क्ष ०.९९९९९९९९९९९९९९९९ असतो आणि पुढच्या उडीत १ ओलांडून जातो. (अडकलात तर कंट्रोल आणि सी एकत्र दाबा.) फेऱ्या पूर्णांकांनी मोजा, पैशांचे हिशेब सगळ्यात लहान नाण्याच्या पूर्णांकांत ठेवा, आणि दोन दशांश ताडायचे तर मॅथ मॉड्यूलमधलं इजक्लोज वापरा.

कोरी_फाइल

हे सगळं उपयोगी आहे, ड्राय रन पण जमायला लागलाय. पण मूळ प्रश्न तसाच आहे. दुसऱ्याने लिहिलेला कोड चालवून बघता येतो, आपला पहिला शब्द कुठून आणायचा?

उलटगणती

@कोरी_फाइल, बरोबर अडवलंत. ड्राय रन उलटा चालवायचा. कोड नसताना तक्ता आधी भरायचा, कोड तक्त्यातून काढायचा. एक प्रश्न पूर्ण करून दाखवतो: लिस्टमधली दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधा.

एडिटर बंद. कागदावर ७, ३, ९, ९, ४ लिहा आणि हाताने झाकून एकेक आकडा उघडा. पुढचे आकडे दिसता कामा नयेत, कारण लूपलाही ते दिसत नसतात. प्रत्येक वेळी स्वतःला विचारा: आत्तापर्यंतचं काय लक्षात ठेवलं म्हणजे मागे वळून पाहावं लागणार नाही? उत्तर: सगळ्यात मोठा आणि दुसरा मोठा. झाली तुमची व्हेरिएबल. "काय लक्षात ठेवलं" म्हणजे व्हेरिएबल, "कधी बदललं" म्हणजे अट, "परत परत काय केलं" म्हणजे लूप.

आता बदल पाहा. ७ उघडला: मोठा ७, दुसरा अजून नाही. ३: मोठ्यापेक्षा लहान, पण दुसरी जागा रिकामी आहे, दुसरा ३. ९: मोठ्यापेक्षा मोठा. इथे दोन गोष्टी घडतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी जुना मोठा खाली सरकतो, दुसरा ७, मग मोठा ९. उलट क्रमाने केलं तर ७ पुसला जातो, तळटीप यांच्या अदलाबदलीत झालं होतं तसंच. पुढचा ९: मोठ्याइतकाच. आता ठरवावं लागतं, उत्तर ९ की ७? हे कोड ठरवत नाही, प्रश्न ठरवतो. वेगळी संख्या हवी असेल तर हा ९ सोडून द्यायचा. ४: दुसऱ्यापेक्षा लहान, काही बदल नाही. उत्तर ७.

एवढं मराठीत लिहून झालं की कोड हे भाषांतर उरतं. मोठा आणि दुसरा सुरुवातीला नन. प्रत्येक संख्येसाठी: मोठा नन असेल किंवा संख्या मोठ्यापेक्षा मोठी असेल तर दुसरा = मोठा, मोठा = संख्या. एलिफ संख्या मोठ्याइतकी नसेल, आणि दुसरा नन असेल किंवा संख्या त्याच्यापेक्षा मोठी असेल, तर दुसरा = संख्या. लूपनंतर दुसरा अजून ननच असेल तर "दुसरी संख्या नाही" असं छापा.

एलिफकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. नुसती पहिली अट लिहिली तर ९, ३, ७ या लिस्टवर दुसरा कधीच भरला जात नाही, कारण सर्वात मोठा पहिलाच आला.

कंसबंद

उत्तम. सुरुवातीला नन का आणि शून्य का नाही, हे अधोरेखित करतो. शून्य घेतलं आणि लिस्ट [-५, -२, -८] असली तर मोठा शून्यच राहतो, जो लिस्टमध्ये नाहीच. म्हणून प्रत्येक प्रोग्राम निदान या लिस्टांवर तपासा: रिकामी, एका घटकाची, सगळे सारखे, सगळे ऋण, आणि मोठा घटक एकदा पहिला तर एकदा शेवटचा.

वाचक_क्र_०

हल्ली एआयला विचारलं की कोड आयता मिळतो. शिकताना वापरावं की नाही?

तळटीप

माझ्या मते या सात विषयांपुरतं तरी कोड मागू नये. आपला कोड द्यावा, "उत्तर सांगू नका, कोणत्या इनपुटवर हा चुकेल तेवढं सांगा" असं विचारावं. नाहीतर शीर्षकातला रोगच वाढतो, वाचलेलं कळतं आणि लिहिता येत नाही.

मूळाक्षर

थोडा असहमत. एरर समजून घ्यायला खुशाल वापरा, विशेषतः जवळ विचारायला कोणी नसेल तर. अट एकच, आलेला कोड चालवण्याआधी त्याचा तक्ता हाताने भरायचा. मागायचंच असेल तर उलटगणतींनी दिले तसे ओळी इकडेतिकडे केलेले प्रोग्राम मागा आणि आउटपुट आधी लिहून ठेवा.

शेषफल

सरावाला काही प्रश्न. लीप वर्ष: ४ ने भाग जातो आणि १०० ने जात नाही, किंवा ४०० ने जातो. १९००, २०००, २०२३, २०२४ यांवर तपासा, १९०० लीप नाही. फिझबझ (आकडे छापत जायचे, पण ३ ने भाग गेला तर फिझ, ५ ने गेला तर बझ, दोन्हींनी गेला तर फिझबझ): ३ आणि ५ दोन्हींनी भाग जाण्याची अट सगळ्यात वर ठेवावी लागते, कारण इफ-एलिफमध्ये पहिली खरी अट मिळाली की बाकीच्या पाहिल्याच जात नाहीत. मग १ ते १०० मधला आकडा ओळखण्याचा खेळ, पण उलटा: आकडा तुम्ही मनात धरा आणि संगणकाने ओळखावा. दर वेळी उरलेल्या पट्ट्याचा मध्य विचारला तर सातव्या अंदाजापर्यंत उत्तर यायलाच हवं, कारण २ चा सातवा घात १२८ आहे. आठ लागले तर पट्ट्याची टोकं हलवताना अधिक एक किंवा वजा एक राहिलंय.

कोरी_फाइल

उलटगणतींच्या पद्धतीने एक करून पाहिलं. संख्येत किती अंक आहेत ते मोजायचं. कागदावर ४७२: शेवटचा अंक खोडायचा, मोजणी एकने वाढवायची, काही उरलं नाही की थांबायचं. त्यावरून:

मोजणी = ०
व्हाइल न > ०:
    न = न // १०
    मोजणी = मोजणी + १

४७२ ला ३ आले, ९ ला १. कंसबंद यांची यादी लावली तर ० ला ० अंक येतात. म्हणून अट "न != ०" केली, पण तरी शून्याला शून्यच, आणि -७ दिल्यावर प्रोग्राम अडकून बसला. का?

मूळाक्षर

कारण पायथनमधला दोन तिरक्या रेघांचा भागाकार खालच्या पूर्णांकाकडे झुकतो. -७ // १० म्हणजे -०.७ च्या खालचा पूर्णांक, -१. आणि -१ // १० पुन्हा -१. न कधीच शून्य होत नाही. सीमध्ये -७ / १० चं उत्तर ० येतं, तिथे हाच लूप एका फेरीत थांबला असता.

उपाय: लूपच्या आधी "न = ॲब्स(न)" करा आणि अट "न > ०" परत आणा. शून्यासाठी कागदावर परत जा. ० लिहिलेला असताना तुम्ही एक अंक खोडता आणि मग थांबता, म्हणजे खोडणं आधी, तपासणं नंतर. पायथनमध्ये ते "व्हाइल ट्रू" लिहून, आत भागाकार आणि मोजणी करून, शेवटी "इफ न == ०: ब्रेक" असं होतं. ४७२, ९, ०, -७ आणि १०० या पाचांचे तक्ते भरून इथे टाका. १०० विसरू नका, शेवटची शून्यं मोजली जातायत का ते त्यात दिसेल.